हिवरमाचीच्या बायकांचं पूर्वमत

हिवरमाचीच्या बायकांना दारूचं दुकान बंद करायचंच नाही, ही बातमी हिवरमाचीच्या बायकांना ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचायला मिळाली.

दोन हजार एकेचाळीस सालचा पौष महिना होता. ग्रामसेवकानं चार टाचण्या मारून कागद लावला आणि तो लगबगीनं आत सटकला, कारण देवळाच्या बाजूनं हौसाक्का जगताप येताना त्यानं पाहिली होती. कागदावर मोजून चार आकडे. एकूण महिला मतदार सहाशे बारा. आडवी बाटली दोनशे एक. उभी बाटली अठ्ठावन्न. गैरहजर तीनशे त्रेपन्न. आणि खाली साहेबी मराठीत, 'पूर्वमतानुसार आवश्यक बहुमत होत नसल्याने प्रत्यक्ष मतदान घेण्याचे प्रयोजन उरत नाही. हरकतीची मुदत ७ फेब्रुवारीपर्यंत.'

"अरं मुडद्यांनो," कुणीतरी फलक वाचून दाखवताच हौसाक्का ओरडली, "मत टाकायच्या आधीच मोजलं व्हय रं! लेकरू जन्माला यायच्या आधीच बारसं उरकलं!"

हौसाक्काची सत्तरी उलटली होती. तिचा थोरला मुलगा दारूत गेला आणि धाकटाही त्याच वाटेला लागला, तेव्हापासून शाळेच्या कोपऱ्यावरचं देशी दारूचं दुकान बंद करायचं तिनं मनावर घेतलं होतं. दोन वर्षं दारोदार फिरून तिनं सह्या आणि अंगठे गोळा केले. नियम जुनाच. गावातल्या बायकांचं मतदान घ्यायचं, चिठ्ठीवर दोन चित्रं. बाटली उभी म्हणजे दुकान चालू, बाटली आडवी म्हणजे दुकान बंद. फक्त गोम अशी, की यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडले पाहिजेत. म्हणजे जी बाई घरात बसून राहिली, ती आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात पडली. हिवरमाचीला तीनशे सात शिक्के हवे होते.

नवीन होतं ते पूर्वमत. मतदानाचा खर्च आणि भांडणं वाचावीत म्हणून सरकारनं आता आधी माणसांची मनं वाचून घ्यायची आणि जिथं निकाल स्पष्ट दिसतोय तिथं मतदानच घ्यायचं नाही, असं ठरवलं होतं. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं ते मशीन. दोन आठवडे ते गावच्या शाळेत ठाण मांडून बसलं होतं. एकेका बाईच्या डोक्यावर तारांची जाळी चढवायची आणि सात मिनिटं पडद्यावर चित्रं दाखवायची. पहिल्या दिवशी तर एकीचंही मन वाचता आलं नाही, कारण बायकांनी शहरातल्या माणसांसमोर जायचं म्हणून खोबरेल चोपडून वेण्या घातल्या होत्या आणि तेलावरून मशीनचे चिमटे घसरत होते.

बायकांच्या घोळक्यात सगळ्यात मागं शालन कणसे उभी होती. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. कागद वाचून झाला आणि तिला एकदम हायसं वाटलं. मतदान नाही म्हणजे सुटलो बाई! आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती कुणाशी न बोलता पातेली घासायला निघून गेली.

आता तिची अडचण नीट सांगायला हवी. तिचा नवरा विलास हा गवंडी. त्याच्या हाताची भिंत ओळंबा न लावता सरळ उभी राहायची. माणूस सोन्यासारखा, पण संध्याकाळी कामावरून येताना शाळेचा कोपरा लागायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "कणसे, आणखी एक पावसाळा असाच प्यायलात तर दिवाळी बघणार नाही." विलास त्या दिवशी घरी येऊन ढसाढसा रडला होता. "शालन, आईशपथ, मी ठरवून निघतो गं. सरळ घरी जायचं. पण कोपऱ्यावर आलं की पाय माझं ऐकतच न्हाईत. दुकान नजरंआड असतं तर कदाचित निभावलं असतं." दुसरं दुकान घाट उतरून चौदा किलोमीटरवर होतं.

आणि कोपऱ्यावरचं दुकान होतं जालिंदर थोराताचं. जालिंदर म्हणजे शालनचा सख्खा थोरला भाऊ. बाप गेला तेव्हा शालन नऊ वर्षांची होती. या भावानं शाळा सोडली, ऊसतोडीला गेला, तिला दहावीपर्यंत शिकवलं, लग्न लावून दिलं. आज ती राहते त्या घराची जागासुद्धा त्यानंच दिलेली. अशा भावाच्या पोटावर बहिणीनं शिक्का मारायचा? शालननं कुणालाही न सांगता मनाशी ठरवून टाकलं होतं, की मतदानाच्या दिवशी पाटणला मावशीकडे जायचं. ना आडवी, ना उभी. नको ती भानगड!

शाळेत डॉ. अवंती राजवाडे मशीनच्या पेट्या भरत होती. तिशीच्या आतली, मानसशास्त्र शिकलेली, कंपनीनं पाठवलेली मुलगी. दोन आठवडे ती शालनच्याच हातची भाकरी खात होती, त्यामुळे दोघींची चांगली गट्टी जमली होती.

"मॅडम," शालननं ताट पुढं ठेवत विचारलं, "एक विचारू? माझं काय निघालं हो त्यात?"

"ते कुणालाच सांगत नाहीत, शालनताई."

"माझंच मन, आणि मलाच सांगत न्हाईत?"

अवंती हसली आणि जेवता जेवता समजावू लागली. "असं बघा. तुम्ही बोट उचलायचं ठरवता आणि बोट उचलता. हो ना? पण मेंदूची तपासणी करणाऱ्यांना फार पूर्वीच दिसलं, की 'मी ठरवलं' असं तुम्हाला वाटायच्या आधीच, थोडा वेळ, मेंदूत बोट उचलायची तयारी सुरू झालेली असते. म्हणजे कुकरची शिट्टी आपल्याला शेवटी ऐकू येते, वाफ आधीपासूनच धरत असते. आमचं मशीन ती वाफ मोजतं. बाटलीचं चित्र, नवऱ्याचा आवाज, माहेरचं घर, यातलं काय दिसलं की तुमच्या मेंदूत काय हलतं ते बघतं. त्यात फोनमधली दहा वर्षांची माहिती मिसळली, की तुम्ही काय करणार ते तुमच्याआधी त्याला कळतं. शंभरातली चौऱ्याण्णव माणसं बरोब्बर सांगतं."

"म्हंजे आमचे मालक म्हणतात पाय ऐकत न्हाईत, ते खरंच?"

"सगळ्यांचेच पाय ऐकत नाहीत, ताई. त्यांना कळतं, बाकीच्यांना कळत नाही, एवढाच फरक. माणूस स्वतः काही ठरवतो, असं मला तरी वाटत नाही."

शालनला हे अजिबात आवडलं नाही. "मग मला दाखवाच," ती म्हणाली.

नियमात तशी सोय होती. लेखी अर्ज केला तर स्वतःचा कागद बंद पाकिटात मिळायचा. आजवर राज्यात कुणी केला नव्हता. शालननं पोरांच्या वहीचं पान फाडून अर्ज लिहिला, ग्रामसेवकानं शिक्का मारला आणि मशीननं पाकीट बाहेर टाकलं.

तिनं ते स्वयंपाकखोलीत जाऊन फोडलं. 'शालन विलास कणसे. गैरहजर. शक्यता ९७ टक्के. मुख्य कारण: भाऊ. त्या दिवशी संभाव्य मुक्काम: परगाव, नातेवाईक.'

खोटं लिहिलं असतं तर तिनं हसून तो कागद चुलीत घातला असता. पण हे खरं होतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, देवाला सांगितलं नव्हतं, ते तारांच्या जाळीला कळलं होतं. आपण एवढ्या सोप्या आहोत? नवरा मरणाच्या दारात आणि आपण मावशीकडे जाऊन पुरणपोळी खाणार, हे छापून येण्याइतकं पक्कं? तिला संताप आला, आणि तो मशीनचा नव्हता, स्वतःचाच होता.

ती तरातरा परत आली. "मॅडम, हे वाचल्यावर आता हे खरं राहील का?"

अवंतीनं भरत असलेली पेटी खाली ठेवली. चांगला प्रश्न विचारला की तिचे डोळे चमकायचे. "नाही राहणार," ती सावकाश म्हणाली. "तिथंच मेख आहे. मशीननं मोजलं ते कागद न वाचलेल्या शालनताईंचं मन. आता तुम्ही वाचलेल्या शालनताई आहात. म्हणून नियमात एक कलम आहे. ज्यानं स्वतःचा कागद वाचला आणि तशी सही केली, त्याचं पूर्वमत रद्द. आणि गावातल्या चौथ्या हिश्श्याइतक्या बायकांचं रद्द झालं, तर सगळंच पूर्वमत रद्द आणि खरं मतदान घ्यायचं. पण असं होत नाही हो. कोण एवढे अर्ज करणार?"

शालननं बोटावर हिशेब केला. सहाशे बाराचा चौथा हिस्सा, एकशे त्रेपन्न.

त्याच संध्याकाळी जालिंदर घरी आला. येताना भाचीसाठी चिक्की आणि बहिणीसाठी पावशेर तीळ घेऊन आला, संक्रांत जवळ आली होती ना. माणूस वाईट असता तर शालनचं काम किती सोपं झालं असतं!

"फलक वाचलास?" तो खुर्चीवर टेकत म्हणाला. "मला ठाऊकच हुतं. आता हौसाक्का काय खटपट करंल ती करू दे. उद्या मतदान लागलंच, तर तू चार दिस मावशीकडं जाऊन ये. म्हातारी तुझी आठवण काढती. मी जीप पाठवतो सकाळच्याला."

शालननं चहाची कपबशी खाली ठेवली. "मी मावशीकडं जाईन असं तुला कुणी सांगितलं, दादा?"

"सांगायला कशाला लागतंय?" जालिंदर हसला. "भन हायस माझी. तुला मी वळखत न्हाई व्हय?"

तो गेला आणि शालन कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून राहिली. एका दिवसात दोघांनी तिचा अंदाज सांगितला होता आणि दोघांचा तंतोतंत जुळत होता. मशीनच्या अंदाजानं तिला राग आला होता. भावाच्या अंदाजानं रडू आलं. अंधार पडायच्या आत ती उठली आणि हौसाक्काच्या घरी गेली.

अर्ज गोळा करणं हे हौसाक्काच्या हातचा मळ. चार दिवसांत तिनं साडेचारशे अंगठे आणले. अवंतीला भरलेल्या पेट्या पुन्हा उघडून मुदत संपेपर्यंत गावात थांबावं लागलं, आणि पाकिटंही वाटली गेली. पण घोडं अडलं पुढंच. बायका पाकीट घ्यायच्या आणि पिठाच्या डब्यात खुपसून ठेवायच्या. फोडायची हिंमत कुणाची होईना. आत काय लिहिलं असंल, सासूनं वाचलं तर, नवऱ्यानं वाचलं तर! वाचल्याची सही केवळ एकोणीस जणींची झाली.

पुण्याच्या कंपनीनं बायकांच्या मेंदूतली वाफ मोजली होती, पण एक गोष्ट मोजायची विसरली होती. हरकतीची मुदत तिनं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ठेवली होती. आणि या दिवसांत गावातली प्रत्येक बाई रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी हळदीकुंकवाला जातेच. तिला आणायला जावं लागत नाही, विचारावं लागत नाही, आणि त्या दोन तासांत घरातला एकही पुरुष तिथं फिरकत नाही.

शालननं आपल्या अंगणात हळदीकुंकू ठेवलं. निरोप धाडला, "पाकीट घेऊन या. वाण द्यायच्या आत फोडायचं हाय." आणि हौसाक्काला स्वतः बोलवायला गेली.

"मी रांडाव बाई, हळदीकुंकवाला?" हौसाक्का म्हणाली.

"यादीत तुमचं नाव हाय का न्हाई? मग माझ्या अंगणातबी हाय."

चाळीस-पन्नास जणी जमल्या. शालननं हौसाक्काच्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा एकदोघी कुजबुजल्या, पण उठून कुणी गेलं नाही. तिळगूळ झाला. मग रिवाजाप्रमाणे कुणीतरी ओरडलं, "शालन, नाव घे की गं!"

शालन उभी राहिली. उखाणा तिला पाठ होता. तो बाजूला ठेवून तिनं कमरेचा कागद काढला. "आज नवऱ्याचं नाव न्हाई घ्यायचं," ती म्हणाली. "आज आपापलं नाव घ्यायचं. शालन विलास कणसे. गैरहजर. कारण भाऊ. मुक्काम परगाव." तिनं कागद खाली केला. "खरं लिहिलंय बायांनो. मी मावशीकडं पळणार हुते. माझा नवरा मराया टेकलाय आणि मी पळणार हुते."

मग हौसाक्कानं आपलं पाकीट दातानं फाडलं, शेजारणीकडून वाचून घेतलं. "हौसाबाई ज्ञानू जगताप. आडवी. शंभर टक्के." ती खवळली. "हे सांगायला मशीन कशाला पायजे? मला इचारायचं हुतं!"

हशा पिकला आणि बांध फुटला. एकेक उठू लागली. "सुरेखा मारुती पवार. गैरहजर. कारण सासू." सासू शेजारीच बसली होती, तिनं डोळे वटारले, मग तिचाही कागद वाचला. "गैरहजर. कारण सून." म्हणे सून काय म्हणेल या भीतीनं सासू घरात बसणार, आणि सासूच्या भीतीनं सून! दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा खदखदून हसल्या, की सुरेखाच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. "कारण नवरा." "कारण गुडघेदुखी." "कारण लोक काय म्हणतील." सगळ्यात जास्त कागद हेच म्हणत होते. आणि ते म्हणणारे लोक सगळे त्या अंगणातच बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत, तिसऱ्या दिवशी माळवाडीत. रथसप्तमीपर्यंत वाचल्याच्या सह्या झाल्या चारशे एकतीस. त्या दिवसापासून जालिंदर बहिणीच्या दारावरून मान फिरवून जाऊ लागला.

कंपनीचे नाडकर्णी साहेब गाडीतून धुरळा उडवत आले. चौदा जिल्ह्यांत असं कुठं झालं नव्हतं. "रद्द कशाला?" ते अवंतीवर करवादले. "वाचल्यावर बायका काय करतील तेही आपलं मशीन सांगेल. परत तपासणी करा. बोलवा त्या पुढारी बाईंना."

शालन जाळी चढवून बसली. डोक्याला तेल न लावता आली होती. सात मिनिटांनी कागद आला. नाडकर्णींचा चेहरा फुलला. "बघा! आडवी, एक्क्याण्णव टक्के. कळतं की नाही?"

"मला दावा," शालन म्हणाली. "नियम हाय." तिनं कागद वाचला. "असं व्हय? मग मी आता घरातच बसते."

परत तपासणी. 'गैरहजर, ८३ टक्के.' शालननं वाचला. "मग जाते की मताला!" परत. 'आडवी, ७० टक्के.' "मग उभी मारते!" खिडकीला पोरं लटकली होती, ती टाळ्या पिटायला लागली. सहाव्या वेळी मशीन नुसतं घरघरलं आणि कागदावर एकच शब्द आला, 'अनिश्चित'.

"हा शुद्ध हट्टीपणा आहे!" नाडकर्णी म्हणाले.

"असू दे ना, सर," अवंती म्हणाली. इतके दिवस शांत असलेल्या त्या मुलीचा चेहरा लाल झाला होता. "ती हट्ट करेल हेही मशीनला कळेल. पण तिला सांगितल्यावरही खरं राहील असं एकसुद्धा उत्तर मशीनकडे नाही. तिच्यापासून लपवलं तरच आपलं भाकीत टिकतं. जे तोंडावर सांगता येत नाही, त्याच्या जोरावर आपण हिचं मत काढून घेणार होतो!"

नाडकर्णींनी चष्मा पुसला आणि पूर्वमत रद्द झाल्याच्या कागदावर सही केली. मतदान लागलं, फाल्गुनातल्या पहिल्या रविवारी.

पेट्या गाडीत चढल्यावर अवंती शालनपाशी आली. मनातलं तिच्यानं राहवत नव्हतं. "ताई, एक मात्र सांगते. तुम्ही बदललात, त्यालाही कारण आहेच. तो कागद वाचलात म्हणून बदललात. म्हणजे शेवटी कारणानंच केलं ना सगळं?"

शालनच्या हातात पिठाची परात होती. "मॅडम, पिठाबिगर भाकरी हुत न्हाई. पाणी लागतं, जाळ लागतो. पण म्हणून भाकरी पिठानं थापली असं कोण म्हणतंय का? थापते मीच." मग म्हणाली, "आणि मघाचा तो खेळ झाला. मत काय मी खेळ म्हणून देणार न्हाई. त्याचा इचार अजून चाललाय."

ते खरंच होतं. हळदीकुंकवात तिनं फक्त कागद वाचला होता. पळणार नाही, एवढंच तिचं ठरलं होतं. आडवी मारायची म्हणजे भावाच्या ताटातला घास काढायचा, आणि तो घास कधीकाळी त्यानं स्वतःच्या ताटातून तिला दिलेला होता. महिनाभर ती भाकरी थापताना, पातेली घासताना तेच उलटसुलट करत राहिली. भाऊ आणि नवरा, नवरा आणि भाऊ. कुठलंही मशीन डोक्याला नव्हतं आणि कुणी आकडा सांगणारं नव्हतं. ही मोकळीक तिला फार जड गेली. विलासनं एकदाच विषय काढला. "माझ्यासाठी म्हणून नगो मारूस," तो म्हणाला. "मी पिणारा माणूस. माझा काय भरवसा? तुला जे बरोबर वाटंल ते कर."

मतदानाच्या दिवशी सकाळी आठला दारात जीप उभी राहिली. जालिंदरनं शब्द पाळला होता. ड्रायव्हर म्हणाला, "मालकांनी पाटणला सोडाय सांगितलंय."

शालन नवं लुगडं नेसून बाहेर आली. तिनं जीपकडे बघितलं आणि तिला एकाएकी हसू फुटलं. "थांब," ती म्हणाली, "आधी जरा माळवाडीला घे."

माळवाडीतल्या गुडघेदुखीवाल्या सगळ्या म्हाताऱ्या तिनं जीपमध्ये कोंबल्या. 'कारण गुडघे' लिहिलेली एकही सोडली नाही. थोराताची जीप दुपारपर्यंत सहा खेपा करून म्हाताऱ्या शाळेच्या दारात ओतत होती, आणि ड्रायव्हर बिचारा मालकाचा फोन येतोय म्हणून घामाघूम झाला होता. शाळेपासून जालिंदरच्या दुकानापर्यंत बायकांची रांग लागली होती. समोर खुर्ची टाकून बसलेला जालिंदर ती रांग बघत होता. शालन आत गेली, पुठ्ठ्याच्या आडोशामागं उभी राहिली आणि बराच वेळ लावून बाहेर आली.

सूर्य कलला तेव्हा मोजणी संपली. अधिकाऱ्यानं व्हरांड्यात येऊन वाचलं. उभी बाटली सहासष्ट. बाद नऊ. आडवी बाटली तीनशे चौऱ्याण्णव.

काय तो गलका! तीनशे सात लागत होते, वर सत्त्याऐंशी पडले. हौसाक्का धाय मोकलून रडू लागली आणि रडता रडताच बायकांच्या तोंडात साखर कोंबू लागली. सुरेखानं सासूला मिठी मारली. कुणीतरी गुलाल आणला, कुणीतरी हलगीवाले आणले. हलगी कडाडली तशी बायकांनी पदर खोचले. सगळा चौक लाल झाला.

जालिंदर खुर्चीवरून उठला. गर्दी त्याला वाट करून देत होती. तो बहिणीसमोर येऊन उभा राहिला आणि एकदम म्हातारा दिसू लागला. "शालन," तो हळू आवाजात म्हणाला, "तू मताला गेलीस ते मी बघितलं. त्याचं काय न्हाई. पण तुझा शिक्का त्या तीनशे चौऱ्याण्णवांत न्हाई, एवढं सांग. मग बाकीच्यांचं मला काय न्हाई."

गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर नाव नव्हतं, जगातलं कुठलंच मशीन आता ते सांगू शकत नव्हतं. एवढ्या शिक्क्यांत एक इकडचा तिकडं कळला नसता. नुसतं "न्हाई" म्हटलं असतं तरी भावाचं मन राहिलं असतं, आणि बहिणीचं माहेर राहिलं असतं.

"हाय, दादा," शालन म्हणाली. "माझा शिक्का त्यात हाय. मीच मारलाय. कुणी मारायला लावला न्हाई."

"माझं उपकार..."

"जन्मात इसरणार न्हाई. तू माझा बाप झालास. तुझ्यासाठी मी जीव दीन, दादा. पण आज माझा नवरा हुता, आणि हौसाक्काचा दुसरा ल्योक हुता, आणि मी लई दिवस इचार केला." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मान खाली गेली नव्हती. "दिवाळीला मी तुला ओवाळाय येणार. पाट मांडायचा का न्हाई, ते तुझं तू ठरव."

जालिंदर तिच्याकडे बघत राहिला. मान फिरवून गेला नाही. तिथंच, गुलालात, उभा राहिला.

हलगीवाल्यांच्या मागं विलास उभा होता. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि तो पूर्ण शुद्धीत होता. त्याला बघून शालननं डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि बायकांच्या रिंगणात उडी घेतली. उभ्या आयुष्यात ती कधी चारचौघांत नाचली नव्हती. त्या संध्याकाळी नाचली, भावादेखत आणि अख्ख्या गावादेखत, हलगीवाल्यांचे हात दुखेपर्यंत नाचली.